बाळंतपणाची शाळा

१९७४ सालच्या श्रावणातली गोष्ट. मी त्या वेळी धडगावच्या पलीकडे, सातपुड्याच्या एका पाड्यावर प्राथमिक शिक्षक होतो. आज ज्याला आपण नंदुरबार जिल्हा म्हणतो तो १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. तेव्हा हा सारा मुलूख धुळे जिल्ह्यात मोडत असे. सौभाग्यवती पहिलटकरीण. रीतीप्रमाणे सातव्या महिन्यातच ती तापीकाठी माहेरी गेलेली. पावसाने घाट बंद पडला होता आणि आठ-दहा दिवस टपाल वर चढले नव्हते. ते चढले त्या दिवशी टपालवाल्याने माझ्या हातावर दोन कार्डे ठेवली. दोन्हींवर सासऱ्यांचेच अक्षर. वरच्या कार्डाचा कोपरा फाडलेला होता. खालच्या कार्डावर कुंकवाचे बोट होते.

ज्यांनी कार्डांचा काळ पाहिला आहे त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, की मृत्यूची वार्ता कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडण्याची आपल्याकडे पद्धत होती आणि शुभवार्तेच्या कार्डाला कुंकू लावीत. मला मुलगा झाल्याचे कळण्यापूर्वी तो गेल्याचे कळले. बाळ आठ दिवसांचे होऊन गेले होते. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत चांगले होते, मग त्याने आंगावर पिणे सोडले, तोंड उघडेना, हात लावला की अंग ताठ होऊन धनुष्यासारखे वाकू लागले. कार्डात सासऱ्यांनी एवढेच लिहिले होते, की सटवीने कपाळी तेवढेच लिहिले असावे.

मी हा लेख दुःख सांगण्यासाठी लिहीत नाही. त्या गोष्टीला पन्नासांवर वर्षे झाली. पुढे आम्हांला मुलगी झाली, मुलगा झाला, आज नातसून घरात आहे आणि तिचे दिवस भरत आले आहेत. परंतु मी जन्मभर मास्तरकी केली. त्यामुळे कोणी काही चुकले, की ते त्याला कोणी शिकवले होते का, हा प्रश्न माझ्या मनात आधी येतो. त्या घरात सासूबाई होत्या, अनुभवी सुईण होती, वीस वर्षांची आई होती, आणि डोंगरावर शिकलेला म्हणवणारा बाप होता. या चौघांपैकी कोणाला कोणी काय शिकवले होते? प्रथमच आईबाप होणाऱ्यांना बाळाच्या जन्मापूर्वी काही शिकवावे, ही कल्पना कोठून आली, आमच्यापर्यंत पोहोचायला तिला इतका वेळ का लागला, आणि शिकवायचे तर नेमके काय, याचा शोध मी सवड मिळेल तसा घेत आलो. त्याचा हा गोषवारा.

* * *

आधी त्या आठव्या दिवसाविषयी. आमच्या बाळाला झाला तो धनुर्वात, हे मला दोन-तीन वर्षांनी एका सरकारी पत्रकावरून समजले. नाळ कापण्याचे हत्यार किंवा नाळेला लावलेले काहीही मातीशेणाने दूषित असले, की या रोगाचे जंतू बेंबीवाटे शिरतात आणि साधारण तिसऱ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत रोग प्रकट होतो. हे वाचल्यावर मला पाचवी आणि सटवी यांचा अर्थ नव्याने लागला. बाळाच्या पाचव्या-सहाव्या रात्री घरच्या बायकांनी दिवा तेवत ठेवून जागरण करायचे, सटवी त्या रात्री येऊन कपाळी लेख लिहिते असे मानायचे, हा आचार कोणा भोळसट बाईच्या डोक्यातून निघालेला नाही. ज्या रात्री मुले दगावतात ती रात्र आपल्या आज्या-पणज्यांनी बरोबर हेरली होती. त्यांचे निरीक्षण अचूक होते. कारण मात्र त्यांना ठाऊक नव्हते, आणि ते त्यांना सांगायला कोणी आले नाही.

कारण जगाला ठाऊक होते. धनुर्वाताचा जंतू कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये वेगळा करून दाखवला. १९२० नंतरच्या दशकात फ्रान्सच्या रामों यांनी त्यावर प्रतिबंधक लस सिद्ध केली. आणि १९६१ साली न्यू गिनीच्या दुर्गम भागात, जेथे लोक पाड्यांवर राहतात आणि बाळंतपणे घरीच होतात अशा ठिकाणी, डॉ. स्कोफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांना ही लस टोचून सिद्ध केले, की आईला टोचले असता तिचे नवजात मूल धनुर्वातापासून वाचते. आमचे बाळ गेले ते त्यानंतर तेरा वर्षांनी. न्यू गिनीच्या अरण्यात पोहोचलेली गोष्ट तापीकाठच्या बागायती गावात पोहोचली नव्हती. आपल्याकडे गरोदर माता आणि बालके यांच्यासाठी सार्वत्रिक लसीकरणाचा कार्यक्रम १९८५ साली निघाला आणि माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. या दोन सालांमध्ये किती कार्डांचे कोपरे फाटायचे वाचले असतील, याचा हिशेब मी मनातल्या मनात करतो.

* * *

आपल्या परंपरेने गर्भिणीचा विचार केला नव्हता असे मात्र कोणी म्हणू नये. चरकसंहितेच्या शारीरस्थानात महिन्यागणिक गर्भिणीचा आहार सांगितला आहे, नवव्या महिन्यात तिने सूतिकागारात जावे असे सांगितले आहे, आणि तिच्याभोवती अनेकदा बाळंत झालेल्या, मायाळू व धीराच्या स्त्रिया असाव्यात असेही म्हटले आहे. तेलाने काठोकाठ भरलेले भांडे जसे हिंदकळू न देता न्यावे तसे तिला जपावे, ही उपमा तेथलीच. विचार मोठा सूक्ष्म आहे. परंतु तो सांगितला आहे वैद्याला. भांडे कसे धरावे हे धरणाराला शिकवले. भांड्याला कोण शिकवणार?

लोककथा याहून पुढे गेली. अर्जुन चक्रव्यूहाचे रहस्य सांगत होता, सुभद्रेला झोप लागली आणि पोटातल्या अभिमन्यूने आत शिरण्याचा मार्ग तेवढा ऐकला, ही कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकली आहे. मूळ महाभारतात सुभद्रेच्या झोपेचा हा प्रसंग नाही, पण लोकांना ती कथा भावली. मला त्या कथेतली एक गोष्ट सतत खटकते. अर्जुन बोलत होता, पण सुभद्रेला त्यातले काय हवे होते हे त्याने विचारले नाही. दिवस भरत आलेल्या बाईला व्यूहरचना ऐकून झोप येणारच. आज शहरांतून गर्भसंस्काराच्या नावाने जे वर्ग निघाले आहेत, त्यांतल्या अनेकांचे लक्ष असेच आईला ओलांडून पोटातल्या बाळाकडे लागलेले असते. बाळाला स्तोत्र ऐकवले जाते. आईला रक्तस्राव झाला तर काय करायचे, हे मात्र राहून जाते.

आईकडे प्रथम वळून पाहिले ते जिचे स्वतःचे बाळ गेले होते अशा एका मराठी मुलीने. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे बाळ दहा दिवसांत गेले. स्त्रीवैद्याच्या अभावाचा हा चटका घेऊन त्या अमेरिकेस गेल्या; १८८६ च्या मार्चमध्ये पेनसिल्व्हानियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळवली, आणि प्रबंधासाठी विषय घेतला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. दहा दिवसांच्या बाळाच्या आईने तोच विषय का घेतला असेल, हे मला कोणी समजावून सांगायला नको. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, पुण्यात त्यांचा अंत झाला. शिकवायचे होते ते शिकवायचे राहून गेले.

त्याच सुमारास, १८८५ साली, व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नावाने हिंदी स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरवण्यासाठी निधी उभा राहिला. १८८६ मध्ये मुंबईचे कामा रुग्णालय सुरू झाले. १८९४ मध्ये लंडनहून वैद्यकीचे शिक्षण पुरे करून आलेल्या डॉ. रखमाबाई पुढे सुरतेच्या रुग्णालयात दीर्घकाळ राहिल्या. त्याच सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून येणारी रेल्वे नंदुरबारला थांबते. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी देशी दायांना शिकवण्यासाठी वेगळा निधी काढला. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन निघाले आणि त्याने मध्यमवर्गीय मराठी स्त्रीला परिचारिकेचे व सुईणीचे शास्त्र शिकण्याची वाट दाखवली. या मंडळींचे उपकार फेडता येण्याजोगे नाहीत. तरीही पाहा, प्रत्येक वेळी विद्यार्थिनी कोण? डॉक्टरीण, परिचारिका, दाई. ज्या घरात मूल व्हायचे ते घर या शाळेच्या पटावर अजून आले नव्हते.

नवराबायको दोघांना उद्देशून उघड बोलण्याचे धाडस आपल्याकडे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी केले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यांच्या वाट्याला खटले आणि निंदा आली. पण मूल कधी व्हावे हे दोघांनी मिळून ठरवायचे असते, आणि त्यासाठी दोघांना ज्ञान हवे, हा विचार त्यांनी या भाषेत रुजवला.

* * *

पाश्चात्त्य देशांतही ही शाळा फार जुनी नाही. एडिंबरोच्या डॉ. बॅलन्टाइन यांच्या प्रयत्नाने तेथल्या प्रसूतिगृहात १९०१ साली गरोदर स्त्रीसाठी एक खाट राखून ठेवण्यात आली. बाळंत होण्याआधीही बाईकडे पाहिले पाहिजे, हे मान्य झाल्याची ती एका खाटेएवढी खूण. पुढे इंग्लंडच्या डॉ. ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ आणि १९४२ च्या आपल्या पुस्तकांत मांडले, की भीतीने शरीर आवळते, आवळल्याने वेदना वाढते, आणि वेदनेने पुन्हा भीती वाढते. हे चक्र ज्ञानाने तोडावे. फ्रान्सच्या डॉ. लामाझ यांनी १९५१ मध्ये रशियात जाऊन तेथली पद्धत पाहिली आणि पॅरिसमध्ये धातुकामगारांच्या प्रसूतिगृहात श्वासाचे व शिथिलतेचे वर्ग सुरू केले. १९६५ मध्ये अमेरिकेच्या डॉ. ब्रॅडली यांनी तर नवऱ्यालाच शिक्षक करून टाकले आणि प्रसूतीच्या वेळी त्याने पत्नीजवळ बसावे असे प्रतिपादले.

मुंबई-पुण्यात आज चालणारे वर्ग या घराण्यातले आहेत. त्यांची थट्टा मला करायची नाही. भीती ही सगळीकडची गोष्ट आहे, आणि कळा येत असताना दीर्घ श्वास घेणारीला पैसे पडत नाहीत. परंतु पॅरिसमधला वर्ग हे गृहीत धरून चालतो, की वर्गाशेजारी प्रसूतिगृह आहे, त्यात डॉक्टर आहे, रक्त आहे, रात्री दिवे लागतात. हे गृहीत जेथे धरता येत नाही तेथे पहिला धडा कोणता असावा, हा माझा प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर मला आमच्या जिल्ह्याच्या नकाशाने दिले.

* * *

नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे आमचे सहा तालुके. दक्षिणेला तापी, उत्तरेला नर्मदा, मध्ये सातपुडा. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, गावित अशा आदिवासींची येथे मोठी वस्ती. तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैलीचा घाट लागतो; पावसाळ्यात दरड कोसळली की तो बंद. अनेक पाड्यांवरून आजही रोग्याला बांबूला बांधलेल्या झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली तेहतीस गावे बाधित झाली, ती अक्राणी आणि अक्कलकुव्याचीच. जेथे पायवाट होती तेथे पाणी आले आणि त्या पाण्यावरून बोटीतला तरंगता दवाखाना फिरू लागला.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीने आपला अहवाल दिला. दर हजार बाळंतपणांमागे सुमारे वीस माता मरतात असा तिचा अंदाज होता, आणि १९३७ सालच्या आकड्यांनुसार हजारी १६२ बालके वर्ष पुरे करीत नव्हती. तेथून आपण पुष्कळ चाललो. २०१८ ते २०२० या काळाच्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू आढळले. देशाचा आकडा ९७ होता. पण राज्याचा आकडा हा सरासरीचा आकडा. सरासरीला घाट चढावा लागत नाही.

१९९४ साली थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी मातामृत्यूंचा विचार करताना तीन विलंब सांगितले. पहिला, दवाखान्यात न्यायचे असा घरात निर्णय होण्याचा. दुसरा, तेथे पोहोचण्याचा. तिसरा, पोहोचल्यावर उपचार मिळण्याचा. दुसरा आणि तिसरा विलंब दूर करणे सरकारचे काम. त्यासाठी रस्ता हवा, गाडी हवी, डॉक्टर हवा, आणि ते मागण्याचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे. लोकांना शिकवले म्हणून सरकार त्यातून सुटत नाही. पण पहिला विलंब घडतो तो घरात, चुलीजवळ, आणि तेथे निर्णय घेणारी बहुधा गरोदर बाई नसते. सासू असते, नवरा असतो, सासरा असतो, कधी बडवा असतो. म्हणून वर्गात एकट्या गर्भवतीला बसवून धोक्याची लक्षणे पाठ करून घेणे म्हणजे ज्याच्या हाती लगाम नाही त्याला घोड्यावर बसणे शिकवणे होय.

आमच्या जिल्ह्यात बापाला वर्गात बसवण्याचे आणखी एक कारण आहे. येथल्या आदिवासींत सिकलसेल या रक्तदोषाचे प्रमाण मोठे आहे. आपल्या देशात हा दोष प्रथम आढळला १९५२ साली, निलगिरीच्या आदिवासींत. आणि १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातल्या शहडोल येथे त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आईबाप दोघेही या दोषाचे वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी निपजण्याची शक्यता चारांत एक असते. वाहक स्वतः धडधाकट दिसतो. एकट्या आईचे रक्त तपासून अर्धेच उत्तर मिळते. बापाने बोट पुढे केले तरच गणित पुरे होते. मी गणित शिकवीत असे, म्हणून हे उदाहरण मला विशेष पटते.

* * *

तर शिकवावे कसे? याचे उत्तर दोन ठिकाणी सापडले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापली. गावातल्याच साध्या शिकलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यदूत केले. त्या गरोदरपणीच घरी जाऊन आईशी आणि आजीशी बोलत, बाळंतपणाला हजर राहत आणि पुढे नेमाने बाळ पाहून येत. १९९९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पुढे देशभरच्या आशा कार्यकर्तींच्या घरभेटी याच धर्तीवर आखल्या गेल्या.

दुसरे उदाहरण झारखंड आणि ओरिसाच्या आदिवासी गावांतले, ‘एकजूट’ या संस्थेचे. तेथे व्याख्यान नव्हतेच. बायका महिन्यातून एकदा जमत, चित्रे आणि गोष्टी यांच्या आधाराने आपल्याच गावातली बाळे का गेली यावर बोलत, आणि उपाय आपणच ठरवीत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे तीन वर्षांत नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले. मी छत्तीस वर्षे फळ्यासमोर उभा राहिलो; हे वाचून थोडा ओशाळलो. वर्ग घेणाराने आधी ऐकावे, ही गोष्ट मला निवृत्तीनंतर कळली.

* * *

आणि मग परवा ती प्रत्यक्ष पाहायला मिळाली. नातसुनेला घेऊन आम्ही दोघे आणि नातू गावच्या अंगणवाडीत गेलो होतो. पाच-सहा गरोदर मुली, त्यांच्या सासवा, आणि बाहेर मोटारसायकलींवर रेललेली नवरेमंडळी. आशाताई मोठी चतुर बाई. ती आधी बाहेर गेली. “दादा, आत या ना. गाडी कोण बोलवेल? रक्त कोण देईल? मी?” असे म्हणून तिने सगळ्यांना आत घेतले. मला म्हणाली, “गुरुजी, तुम्हीपण बसा. आज तुम्ही विद्यार्थी.”

तिने फळा वापरला नाही. पहिल्यांदा विचारले, की घरातून निघायचे ठरवायला तुमच्याकडे कोणाची परवानगी लागते? बायका हसल्या आणि सासवांकडे पाहू लागल्या. मग तिने एकेक गोष्ट काढली. अंगावरून रक्त गेले, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडावर-हातांवर सूज आली, झटके आले, ताप आला, पाणी गेले, बाळाची हालचाल मंदावली, तर कोणाची वाट पाहायची नाही. १०८ चा क्रमांक नवऱ्याच्या आणि सासूच्या दोघांच्या ध्यानात हवा. गाडी आली नाही तर दुसरी कोणाची, हे आजच ठरवायचे. बाळ झाल्यावर त्याला लगेच आंघोळ नको; पुसून, कोरडे करून आईच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवायचे. तासाभरात आंगावर पाजायचे. पहिला चीक टाकायचा नाही. येथे एक सासू म्हणाली, की आमच्यात तीन दिवस पाजत नसत. आशाताईने विचारले, “मावशी, गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण शेजारी वाटतो, आणि बाईचा चीक टाकायचा?” सगळे हसले, ती सासूही हसली. मला वाटते तो धडा तेथेच संपला.

बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार पडले, मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास चालले, की दवाखाना. आई दहा-पंधरा दिवस उगाच रडत राहिली तर ते नखरे नव्हेत, तेही सांगावे. हे सारे सांगून झाल्यावर तिने नाळेचा विषय काढला. तिने विचारले, “आजी, तुमच्या वेळेला नाळेला काय लावत होते?”

प्रश्न सगळ्याच आज्यांना होता. कोणी तेल म्हणाली, कोणी हळद. आमच्या मंडळी गप्प होत्या. मग खाली पाहत त्या अहिराणीत म्हणाल्या, “मनी मायनी राख लाई व्हती.” माझ्या आईने राख लावली होती.

वाचकहो, ते पत्रक मी वाचले त्या दिवसापासून नाळ आणि राख यांचा संबंध मला ठाऊक होता. सासूबाईंवर ठपका येऊ नये म्हणून मी तो घरात कधी बोललो नाही. पुढच्या दोन्ही बाळंतपणांच्या वेळी मी सौभाग्यवतीला शहाद्याच्या प्रसूतिगृहात नेले, टोचून घ्यायला लावले, रजा काढून बाहेर उभा राहिलो, पण का, ते सांगितले नाही. त्या दिवशी कळले, की तिलाही ते ठाऊक होते, केव्हापासून कोण जाणे, आणि तीही आपल्या आईसाठी गप्प होती. आशाताई क्षणभर थांबली. मग म्हणाली, “त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं ना, आजी.” आणि नातसुनेकडे वळून तिने सांगितले, की नाळेला काही म्हणजे काही लावायचे नाही, कोरडी राहू द्यायची, आपोआप पडते.

हे एक वाक्य. गर्भिणीच्या शाळेचा अभ्यासक्रम कोणी मला करायला सांगितला तर त्यात मोठाले ग्रंथ नसतील. अशी दहा-बारा वाक्ये असतील, ती भिल्लीत, पावरीत, मावचीत, अहिराणीत सांगितलेली असतील, आणि ती ऐकायला आईबरोबर बाप आणि आजी बसलेली असेल. आजीला बाजूला सारून तिला अडाणी ठरवले, तर ती घरी जाऊन राखच लावील. तिला विचारले, तर ती स्वतःच सांगेल.

आता एक गोष्ट सांगून थांबतो. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा फराळाचे डबे अजून संपले नसतील. आमच्याकडे दिवाळी झाली, की डोंगरातल्या पाड्यांवरून माणसे गुजरातेत ऊसतोडीला निघतात. गाड्यांत बायका असतात, त्यांत काहींचे पोट पुढे आलेले असते. त्यांचा वर्ग मध्येच सुटतो, आणि त्यांना चार वाक्ये सांगायला फडावर कोण भेटेल याचा भरवसा नसतो. त्या गाडीत चढण्याआधी तिच्याजवळ माता-बाल संरक्षणाचे कार्ड आहे की नाही, आणि त्यात काय लिहिले आहे हे तिच्या नवऱ्याला समजावून दिले आहे की नाही, एवढे कोणी पाहील काय? हेही एक कार्डच आहे. ते वेळेवर आणि धड पोहोचावे, एवढीच माझी इच्छा आहे.